वॉटर कूलिंग असूनही संगणक तापतोय? उष्णता कुठे अडली ते आधी शोधा

वॉटर कूलिंग बसवूनही प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊ लागला की बहुतेक जण आधी थर्मल पेस्ट बदलतात. मग पंख्यांचा वेग वाढवतात आणि तरीही फरक पडला नाही तर मोठा रेडिएटर आणतात. यात वेळ जातो, पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. उष्णतेचा रस्ता ठरलेला आहे. ती चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात येते, तिथून पेस्टमार्गे कोल्ड प्लेटमध्ये (प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकचा धातूचा तळ), मग पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या पात्यांत, पात्यांतून हवेत आणि शेवटी हवेबरोबर कॅबिनेटबाहेर. या रस्त्यात कुठेतरी अडथळा आहे, आणि तो कॅबिनेट न उघडताही बऱ्याच अंशी ओळखता येतो. म्हणून आधी आकडे, मग स्क्रू ड्रायव्हर.

या लेखातली सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

हा दोषच आहे ना, हे तपासा

प्रत्येक प्रोसेसरची कमाल मर्यादा वेगळी असते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा साधारणपणे १०० अंश आहे. रायझन ९ ५९००एक्सची ९०, रायझन ९ ७९५०एक्सची ९५ आणि रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९ अंश. यात ७९५०एक्ससारख्या चिपची गोष्ट निराळी. पूर्ण भार पडला की ती ९५ अंश गाठेपर्यंत स्वतःचा वेग वाढवतच राहते. तिथे चांगल्या कूलरमुळे तापमान खाली येत नाही, वेग थोडा वर जातो. त्यामुळे सिनेबेंच ही प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी चालवताना ७९५०एक्सवर ९५ दिसले म्हणून कूलर बिघडला असे होत नाही. वेग ठरल्यापेक्षा खाली येतोय का, हे पाहायचे.

दुसरी गोष्ट वॅटची. कोअर आय९ १४९००केसाठी इंटेलने ठरवलेली कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे, पण अनेक मदरबोर्ड बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ती मर्यादा सरळ उठवून ठेवतात. मग चिप ३०० वॅटच्या पुढे जाते आणि ३६० मिलिमीटर रेडिएटरचा धडधाकट एआयओही (कारखान्यातूनच पाणी भरून बंद केलेला तयार वॉटर कूलर) तिला आवरू शकत नाही. बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा किंवा पीएल१ (दीर्घकाळची) आणि पीएल२ (थोड्या वेळाची) या दोन्ही वीजमर्यादा २५३ वॅटवर आणा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरसाठी मदरबोर्डचा नवा बायोसही टाकून घ्यायलाच हवा, कारण जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची खराब होण्याचा जो दोष २०२४मध्ये उघड झाला, त्यावरचा उपाय त्या अपडेटमधूनच येतो.

रिकाम्या वेळी ३५ ते ५० अंश ही काळजीची बाब नाही. रायझनवर काहीही न करता आकडा एकदम १० अंशांनी उडी मारून खाली येतो, तेही नेहमीचेच.

अर्ध्या तासाची चाचणी

यासाठी आकडे दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो, भार टाकणारे सिनेबेंच किंवा ओसीसीटी, आणि एक साधा थर्मामीटर एवढे पुरे. थर्मामीटर कॅबिनेट जिथून हवा आत घेते तिथे ठेवा. खोलीतला दुसऱ्या कोपऱ्यातला आकडा कामाचा नाही. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात असेल, तर तिथली हवा खोलीपेक्षा बरीच गरम निघू शकते.

संगणक सुरू करून १५ मिनिटे काहीही न करता सोडा. मग एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचे तापमान, ‘पॅकेज पॉवर’ म्हणजे वॅट, प्रत्येक कोअरचे वेगळे तापमान, पंपाचे आणि पंख्यांचे फेरे, आणि सेन्सर असल्यास कूलंटचे, म्हणजे फिरणाऱ्या पाण्याचे, तापमान या ओळी समोर ठेवा. सर्व कोअरवर भार देणारी चाचणी सलग ३० मिनिटे चालवा आणि ५ सेकंद, १ मिनिट, ५, १०, २० व ३० मिनिटांना आकडे कागदावर लिहा.

३० मिनिटे का? पाणी सावकाश तापते. १ लिटर पाण्याला २५० वॅट उष्णता दिली आणि ती कुठेच बाहेर पडली नाही, तर तापमान मिनिटाला साधारण ३.६ अंशांनी वाढते. प्रत्यक्षात रेडिएटर उष्णता बाहेर टाकत असतो, त्यामुळे पाणी एका पातळीवर स्थिरावायला १५ ते ३० मिनिटे लागतात. एआयओमध्ये पाणी कमी असल्याने तो थोडा लवकर स्थिरावतो. दोन मिनिटांच्या चाचणीवरून रेडिएटरबद्दल काहीच ठरवता येत नाही.

कूलंटचा सेन्सर नसेल तर एक युक्ती आहे. भार अचानक थांबवा आणि साधारण १० सेकंदांनी प्रोसेसरचा आकडा वाचा. चिप पटकन थंड होते, पाणी मात्र अजून गरमच असते, त्यामुळे तो आकडा पाण्याच्या तापमानाच्या थोडा वर येऊन थांबतो. रिकाम्या वेळीही बरेच वॅट खाणाऱ्या रायझनवर त्यातून आणखी १० अंश वजा धरा. अंदाज ढोबळ असला तरी पुढची दिशा ठरवायला पुरतो.

आता कागदावरचे आकडे कसे वाढले ते पाहा.

पहिल्या ५ सेकंदांतच ९५ आणि नंतर जवळपास सपाट: पाण्याला तापायला वेळच मिळालेला नाही, म्हणजे अडथळा चिप आणि पाणी यांच्यामध्ये आहे. पेस्ट, दाब, कोल्ड प्लेट किंवा जास्त व्होल्टेज.

सुरुवातीला ठीक, पण १०–२० मिनिटे हळूहळू चढत राहिले: पाण्यातली उष्णता हवेत जात नाही. रेडिएटर, पंखे किंवा कॅबिनेट.

अर्ध्या ते दोन मिनिटांत न थांबता चढत थेट मर्यादेला भिडले: पाणी फिरतच नाही. चाचणी ताबडतोब थांबवा.

पाणी फिरत नसेल तर

हा दोष सर्वांत गंभीर, म्हणून तो आधी निकाली काढा. भार असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. प्रवाह चालू असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच लागतात. मिनिटाला १ लिटर प्रवाह आणि २५० वॅट भार असेल, तर ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ३.६ अंशांचाच फरक पडतो, आणि हाताला तो फारसा कळत नाही. एक नळी चांगली गरम आणि दुसरी गार, किंवा प्रोसेसर १०० अंशांवर असताना रेडिएटरमधून गार हवा, ही प्रवाह थांबल्याची खूण.

आधी वायर बघा. एआयओच्या पंपाची वायर मदरबोर्डवरच्या ‘एआयओ पंप’ किंवा ‘सीपीयू फॅन’ हेडरला (पिनांच्या जोडणीला) हवी. काही पंपांना वीज पॉवर सप्लायच्या साटा केबलने मिळते आणि हेडरवर फक्त फेऱ्यांची माहिती जाते. ती साटा केबल ढिली झाली तर पंखे व्यवस्थित फिरत राहतात, दिवेही लागतात, आणि पंप मात्र बंद पडलेला असतो. वायर ठीक असेल तर बायोसमध्ये त्या हेडरचा वेग ‘फुल स्पीड’ करा. पंखे शांत करण्यासाठी ठेवलेली ‘सायलेंट’ सेटिंग पंपाच्या हेडरलाही लागू होते, आणि पंप अर्ध्या वेगाने रेंगाळतो. हा दोष फार वेळा आढळतो आणि मिनिटभरात सुटतो.

फेरे नीट दिसतात, तरी पाणी फिरत नाही, असेही होते. फेऱ्यांचा आकडा पंपाचे चक्र फिरते एवढेच सांगतो. ते पाण्यात फिरते की हवेत, आणि पुढची वाट मोकळी आहे का, हे त्यावरून कळत नाही.

हवेचे म्हणायचे तर, लूपमधली (पाणी फिरण्याच्या बंद मार्गातली) हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन साठते. ती उंच जागा रेडिएटरची टाकी असली पाहिजे. पंप नव्हे. पंप ब्लॉकमध्येच असलेला एआयओ वर छताला लावला तर प्रश्न नाही. समोर उभा लावला तर रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे, आणि नळ्या खालच्या बाजूला आल्या तर उत्तम. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावला की पंपच सर्वांत उंच होतो, हवा तिथे अडकते, खुळखुळ आवाज येतो आणि पंप लवकर झिजतो. अडकलेली हवा काढायला पंप चालू ठेवून कॅबिनेट सावकाश एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ३०–४५ अंशांच्या कोनात कलवा आणि प्रत्येक बाजूला मिनिटभर थांबा. त्या आधी संगणकावरचा भार बंद करा आणि जड ग्राफिक्स कार्डला हाताने आधार द्या.

नळ्यांच्या भिंतींतून पाणी अगदी थोडे थोडे बाहेर झिरपते. वर्षानुवर्षे हे चालते आणि पातळी घटते. काही वर्षे वापरलेल्या एआयओमध्ये अचानक खुळखुळ सुरू झाली आणि कलवूनही थांबली नाही, तर कारण बहुधा हेच. भरण्याचे तोंड दिलेले मोजके एआयओ सोडले तर यावर घरी उपाय नाही.

तिसरे कारण गाळ. कोल्ड प्लेटच्या आत तांब्याच्या अत्यंत बारीक पात्या असतात, आणि दोन पात्यांमधली फट मिलिमीटरचा लहानसा अंश. बहुतेक एआयओमध्ये रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि कोल्ड प्लेट तांब्याची असते. पाण्यातली गंजरोधक द्रव्ये संपत आली की या दोन धातूंमुळे गंज तयार होतो आणि त्याचा चिखल नेमका त्या फटींत बसतो. महिन्यागणिक तापमान हळूहळू वाढत गेले, फेरे नेहमीसारखेच आहेत, पेस्ट बदलूनही फरक नाही, असे असेल तर गाळच समजा. वॉरंटी असेल तर बंद एआयओ उघडू नका. उघडला की वॉरंटी जाते, आणि तो पुन्हा पाणी न गळता बंद होईलच याची खात्री नसते.

पाणी गार, प्रोसेसर गरम

इथे चिपचा आकार लक्षात घ्या. २५० वॅटचा मोठा इंटेल प्रोसेसर पाण्यापेक्षा ५० अंशांनी गरम असणे नेहमीचे. पण रायझन ७ ७७००एक्समध्ये सगळी उष्णता एका छोट्या चिपलेटमधून, म्हणजे झाकणाखालच्या एका लहान तुकड्यातून, निघते, त्यामुळे १४० वॅटलाच तेवढा किंवा त्याहून जास्त फरक दिसतो. म्हणून दुसऱ्या मॉडेलच्या प्रोसेसरशी तुलना करू नका. त्याऐवजी आपल्याच कोअरची आपसात तुलना करा. सारखा भार असताना एक कोअर शेजारच्यापेक्षा १५ अंशांहून जास्त गरम असेल, तर ब्लॉक एका बाजूने नीट टेकलेला नाही, असा संशय घ्यायला जागा आहे.

ब्लॉक काढून पुन्हा बसवण्याची पद्धत:

१. १० मिनिटे भार देऊन संगणक बंद करा, म्हणजे पेस्ट मऊ होते. पॉवर सप्लायचा स्विच बंद करून केबल काढा.

२. स्क्रू तिरपे, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, अर्ध्या अर्ध्या वेढ्याने ढिले करा. ब्लॉक सरळ वर ओढू नका, आधी डावीउजवीकडे हलकेच पिळा. एएम४ या रायझनच्या जुन्या सॉकेटमध्ये घट्ट चिकटलेला प्रोसेसर ब्लॉकबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात.

३. पुसण्याआधी पेस्टचा ठसा नीट बघा, फोटो काढा. मध्यभागी पातळ, जवळजवळ पारदर्शक थर हवा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर दाब असमान होता. मध्यभागीच जाड थर असेल तर ब्लॉक पुरेसा दाबलाच गेला नव्हता. कोल्ड प्लेटवर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म राहून गेली आहे का, हेही इथेच कळते, आणि ती राहिलेली निघणे वाटते तितके दुर्मीळ नाही.

४. ९० टक्के किंवा त्याहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसा. कापडाला डाग लागायचा थांबेपर्यंत.

५. नवीन पेस्ट लावा. चौकोनी झाकणावर मध्यभागी ४–५ मिलिमीटरचा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे छोटे ठिपके. एलजीए१७०० सॉकेटच्या (इंटेल १२वी ते १४वी पिढी) लांबट झाकणावर पातळ फुली चांगली. थोडी जास्त झाली तर दाबाने बाहेर येते. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात आणि तिथले कोअर तापतात.

६. चारही स्क्रूंचे आटे आधी हाताने दोन-तीन वेढे पकडवा, मग तिरप्या क्रमाने अर्धा अर्धा वेढा देत घट्ट करा. बहुतेक किटमध्ये स्क्रू एका जागी येऊन थांबतो, तिथपर्यंत जायलाच हवे, पण पुढे जोर लावू नका.

ठसा मध्यभागी जाड आला असेल तर किट तपासा. एलजीए१२०० या त्याआधीच्या सॉकेटसाठी मदरबोर्डवरची भोके ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए१७००मध्ये ती ७८ मिलिमीटरवर गेली आणि प्रोसेसरचा माथाही थोडा खाली आला. जुने स्टँडऑफ (ब्लॉक ज्यांवर बसतो ते छोटे खांब) ओढूनताणून बसवले तर ब्लॉक बसल्यासारखा वाटतो, पण दाब मिळत नाही. एलजीए१७००चे स्वतःचे धरण्याचे यंत्र प्रोसेसरला मध्यभागी किंचित वाकवते. त्याऐवजी कॉन्टॅक्ट फ्रेम बसवली तर काही अंश कमी होतात. मात्र तिचे स्क्रू फार आवळले तर मेमरी ओळखली न जाण्यासारखे त्रास सुरू होतात. एएम५ या रायझन ७००० मालिकेच्या सॉकेटमध्ये मागची पट्टी काढायची नसते, फक्त पुढचे प्लास्टिकचे कंस काढायचे. तिथे उष्णता देणारे चिपलेट मध्यभागी नसतात, म्हणून ब्लॉक थोडा सरकवून बसवणारा ऑफसेट कंस कूलरबरोबर आला असेल तर तोच वापरा.

पाणीच गरम

ढोबळ हिशेब असा: मध्यम वेगाच्या पंख्यांसह रेडिएटरच्या दर १२० मिलिमीटर भागामागे सुमारे १०० वॅट धरले, तर पाणी आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण १० अंशांनी गरम राहते. त्यामुळे ३६०च्या रेडिएटरवर २५० वॅटला १० ते १५ अंशांचा फरक ठीक. तो २० किंवा २५ झाला तर कारण शोधा. पाण्याचे तापमान ४५च्या वर नेहमी राहू देऊ नका. अनेक पंप आणि नळ्यांची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते.

आधी दोन चाचण्या. बाजूचे झाकण काढून तोच भार द्या. पाणी ५ अंशांनी किंवा जास्त उतरले तर रेडिएटर ठीक आहे, कॅबिनेट गुदमरते आहे. समोर सलग काच किंवा बंद पत्रा असेल तर हवा कडेच्या अरुंद फटींतूनच येते. मग कूलर बदलून काही साधत नाही. दुसरी चाचणी: आधी फक्त प्रोसेसरवर भार द्या, मग ग्राफिक्स कार्डवरही. छताला लावलेला रेडिएटर आतली हवा बाहेर फेकत असेल, तर त्याला कार्डाने तापवलेलीच हवा मिळते. ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९०सारख्या कार्डाबरोबर हा फरक मोठा पडतो. फक्त गेममध्येच प्रोसेसर तापत असेल तर रेडिएटर समोर लावून बाहेरची गार हवा त्याला द्या. कार्डाचे तापमान थोडे वाढेल, आणि तो सौदा बहुतेक वेळा परवडतो.

पंख्यांची दिशा कागदाच्या पट्टीने तपासा. पंख्याच्या मोटरला धरून ठेवणारे दांडे ज्या बाजूला दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. रेडिएटरवरचे तीनही पंखे एकाच दिशेने हवेत. एक जरी उलटा असेल तर तो शेजारच्या पंख्याची गरम हवा परत ओढतो. आणि पंखे हबला (अनेक पंखे एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडले असतील तर हबची स्वतःची वीज जोडलेली आहे का, ते पाहा.

धूळ रेडिएटर आणि पंख्याच्या मध्ये, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, जाजमासारखी बसते. पंखे काढून बघितल्याशिवाय रेडिएटर स्वच्छ आहे म्हणू नका. हवा मारताना ती धूळ बसली त्याच्या उलट बाजूने मारा, पाती वाकणार नाहीत एवढ्या अंतरावरून, आणि पंखे बोटाने धरून ठेवा.

कस्टम लूप असेल तर

सुटे भाग जोडून बनवलेल्या अशा लूपमध्ये प्रवाहमापक असेल तर तासाला ६० लिटर ही खालची मर्यादा धरा. तासाला २४० लिटरच्या पुढे गेल्यावर मिळणारा फायदा नगण्य आहे, त्यासाठी दुसरा पंप लावू नका. प्रवाह पूर्वीपेक्षा निम्म्यावर आला असेल तर प्रोसेसर ब्लॉक उघडा, कारण सर्वांत बारीक जाळी त्याच्यातच आहे आणि अडकणारे सगळे तिथेच अडकते. मऊ पारदर्शक पीव्हीसी नळ्यांतून सुटणारा चिकट पांढरा थर, रंगीत किंवा दुधी कूलंटमधले कण, शेवाळ, नवीन रेडिएटर न धुता लावल्यामुळे आलेला कारखान्यातला कचरा, असे काहीही निघू शकते. मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि साबणाचा थेंब वापरून पात्यांच्या दिशेनेच घासा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर लावू नका, मुलामा सुटतो. आतली फट असलेली जेट प्लेट आणि रबरी रिंग कशा बसल्या होत्या त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

बहुतेक प्रोसेसर ब्लॉकमध्ये आत जाणारे आणि बाहेर येणारे तोंड ठरलेले असते. पाणी आधी जेट प्लेटमधून मधल्या पात्यांवर पडायला हवे. नळ्या उलट्या जोडल्या तर संगणक चालतो, पण तापमान काही अंशांनी वाढते, आणि कुणाला कारण कळत नाही. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर किंवा जोड मात्र कधीच नको.

पुन्हा भरताना पंप क्षणभरही कोरडा चालवू नका. डी५सारख्या पंपाच्या बेअरिंगला पाणीच वंगणाचे काम करते. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वीजजोडण्या काढा, पॉवर सप्लायच्या २४ पिनी जोडाला तयार जंपर लावा आणि फक्त पंप चालू-बंद करत टाकी भरत जा. सर्व जोडांखाली टिश्यू पेपर ठेवा आणि काही तास चालवून एकही ठिपका उमटत नाही हे पाहा. हवेच्या दाबाने तपासायचे असेल तर पाणी भरण्याआधी साधारण ०.५ बार दाब देऊन १५ मिनिटे काटा हलत नाही ना, ते बघा. ‘डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही’ या भरवशावर गळती दुर्लक्षू नका. लूपमध्ये काही दिवस फिरल्यावर त्यात धातूंचे आयन मिसळतात आणि ते वीज वाहू लागते.

पंख्यांचा वक्र आणि शेवटची मोजणी

पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवले तर ते दर सेकंदाला वरखाली होतात आणि उपयोग शून्य, कारण पाणी एवढ्या वेगाने बदलतच नाही. शक्य असेल तर ते कूलंटच्या तापमानाला जोडा: ३० अंशांपर्यंत ३५ टक्के, ३८ला ६०, ४५ला १००. उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर जात असेल तर सगळे टप्पे ६–७ अंशांनी वर सरकवा. कूलंटचा सेन्सर नसेल तर बायोसमध्ये पंख्यांच्या प्रतिसादाला जास्तीत जास्त विलंब द्या.

सगळे तपासूनही आकडा मर्यादेलाच टेकत असेल तर वीज कमी करणे हा कमीपणा नाही. ७९५०एक्सवर १०५ वॅटचा इको मोड निवडला की सॉकेटची मर्यादा २३० वॅटवरून १४२वर येते. कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या व्होल्टेज कमी करण्याच्या सेटिंगमध्ये सर्व कोअरना उणे १०पासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर संगणक तासभर स्थिर राहतो का, हे तपासत पुढे जा.

दुरुस्तीनंतर तीच ३० मिनिटांची चाचणी त्याच वॅटला पुन्हा करा. नुसता प्रोसेसरचा आकडा ताडून पाहू नका. आधीची चाचणी २६ अंशांच्या खोलीत आणि आताची ३२ अंशांच्या खोलीत झाली असेल, तर सुधारणा होऊनही आकडा तेवढाच दिसेल. पाणी वजा खोली आणि प्रोसेसर वजा पाणी, असे दोन फरक काढा आणि तारखेसह कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. सहा महिन्यांनी पहिला फरक वाढलेला दिसला तर धूळ साफ करा. दुसरा वाढला असेल तर आधी ब्लॉककडे आणि पंपाकडे बघा.